टेप चालू असेपर्यंत

प्रेशरचा विषय काढलात म्हणून सांगतो. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. घाटकोपरला आमच्या घरात प्रेशर दोघांना, मला आणि बायकोला. दोघांच्या गोळ्या चालू. डॉक्टरनं मला दम भरला, "महिन्याभरात उतरलं नाही, तर महापालिकेची बातमीदारी बंद. ऑफिसात बसून काम करा." मला टेबलावर बसवणार! मी तिथेच त्याच्याशी भांडलो.

शेजारचे मुकादमचाचा मूळचे रत्नागिरीचे. त्यांनी कुराणपठणाची कॅसेट आणून दिली. म्हणाले, "गोळी सोडू नकोस, पण रोज संध्याकाळी अर्धा तास हे ऐक. मन निवतं. अट एकच. पठण चालू असताना तोंड उघडायचं नाही."

"अहो, पण मधे शंका आली तर?"

"बघ, आताच उघडलंस!"

महिनाभर ऐकलं. शब्द कळत नव्हते, पण त्या आवाजानं खरंच शांत वाटायचं. मग डॉक्टरनं दोघांचं प्रेशर मोजलं. माझं बऱ्यापैकी उतरलं होतं, बातमीदारी वाचली. बायकोचं मात्र एकदम नॉर्मल!

डॉक्टर म्हणाला, "वहिनी, तुम्हीपण टेप ऐकता वाटतं?"

"कुठे हो! मी त्या वेळी स्वयंपाकघरात. पण हे रोज अर्धा तास गप्प असतात ना!"

हा सरळसरळ अन्याय होता. घरी आल्या आल्या निषेध नोंदवायला मी तोंड उघडलं, तर तिनं शांतपणे टेपचं बटण दाबलं.