खुर्चीची बैठक

…बरं, डॉक्टर नाही तर नाही, वकील नाही तर नाही, निदान लोकांना एका दमात सांगता येईल असं काहीतरी शिकावं की नाही माणसानं? पण नाही! मिस्त्रींच्या थोरलीनं घेतलं काय, तर आंतरराष्ट्रीय राजकारण. तुम्हाला सांगतो, हे दोन शब्द धड म्हणायला मिस्त्रींना एक महिना लागला, आणि म्हणता यायला लागले तेव्हा कळलं की खरी अडचण पुढेच आहे. कारण मिस्त्री म्हणजे फर्निचरचं दुकान, दिवसाला दहा गिऱ्हाइकं, आणि प्रत्येक गिऱ्हाईक कपाटाचं माप देता देता विचारणार, मुलगी काय करते? मिस्त्री रंधा थांबवून, घसा खाकरून ते दोन शब्द म्हणणार. गिऱ्हाईक मान डोलावणार, थोडा वेळ कपाटाकडे बघणार आणि मग हळूच… "ते सगळं ठीक आहे हो, पण पुढे काय?"

आता हे मिस्त्रींना ठाऊक असतं तर त्यांनीच थोरलीला विचारलं असतं का? आणि थोरली तरी काय, जेवताना समजावून सांगायची. अमुक देश तमुक देशाला घाबरतो म्हणून शस्त्रं घेतो, मग तमुक घाबरतो म्हणून तोही घेतो, आणि दोघं एकमेकांना इतके घाबरतात की त्यालाच शांतता म्हणतात. मिस्त्री ऐकायचे. एकदा तिनं न झालेल्या एका युद्धावर वीस पानांचा निबंध लिहिला. जे झालंच नाही त्यावर वीस पानं? मिस्त्रींना वाटलं, मग झालं असतं तर या पोरीला कागद कुठून पुरवला असता? मामाचं आणखी तिसरंच. त्यानं परस्पर ठरवून टाकलं की भाची राजदूत होणार, आणि कुठल्या देशात गेलेली आपल्याला सोयीची पडेल याची यादीसुद्धा करून ठेवली, थंडी फार नको म्हणाला.

झाली पदवी. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि घरी आल्यावर आईनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? सांगायला नकोच. ते सगळं ठीक आहे, पण पुढे काय?

पुढे थोरलीला नोकरी लागली हो, सरकारी, राजशिष्टाचार विभागात! सहा महिन्यांसाठी, काम पटलं तर कायम. मिस्त्रींनी दुकानात सगळ्यांना सांगितलं, आणि आठवड्याभरात कळलं की तिथे काम काय, तर बाहेरून कोणी मोठा माणूस आला की त्याच्या गाडीचं दार कोणी उघडायचं, झेंडा डावीकडे की उजवीकडे, आणि कोण कुणाशेजारी बसणार. थोडक्यात, चार वर्षं जगाचा नकाशा पाठ केला आणि नेमणूक झाली खुर्च्या मांडायला. आई म्हणाली, खुर्च्याच मांडायच्या होत्या तर बापाच्या दुकानात काय कमी होत्या? पण तुम्हाला सांगतो, मिस्त्रींना मनातून बरं वाटलं. शक्तिसंतुलन वगैरे जाऊ दे, खुर्ची म्हटल्यावर पोरगी निदान ओळखीच्या मुलखात आली.

आणि मग पाचव्या महिन्यात, सकाळी दुकान उघडतंय न उघडतंय तोच थोरलीचा फोन. "बाबा, खुर्चीचे पाय दोन इंच कापायला किती वेळ लागतो?"

झालं होतं असं. दोन शेजारी देश, मध्ये नदी, नदीवर पूल, आपल्या हद्दीला अगदी खेटून, मिस्त्रींच्या दुकानापासून पायी पाव तासावर, आणि तो पूल अकरा वर्षं बंद. इकडच्याला तिकडे जायचं तर दोन दिवसांचा वळसा. का बंद? तर अकरा वर्षांपूर्वी दोघांचे पुढारी बोलणी करायला एका टेबलाशी बसले, त्यातला एक ताडमाड उंच, दुसरा बुटका, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो असा आला की एक बाप आणि एक शाळेत नाव घालायला आणलेलं पोर. लोक हसले. बुटके साहेब उठून गेले, आणि बोलणी तिथेच संपली. बाकी कारणं पुष्कळ सांगतात, पण थोरली म्हणाली की कागदपत्रं उपसून पाहिली तर तळाशी तो फोटो निघतो. आता दोघं पुन्हा भेटायला तयार झाले होते, तिसऱ्याच्या घरी, म्हणजे थोरलीच्या सरकारकडे. बुटक्या साहेबांच्या लोकांची अट, दोघांची डोकी फोटोत एका रेषेत दिसली पाहिजेत. उंच साहेबांच्या लोकांची अट, खुर्च्या तंतोतंत सारख्या पाहिजेत. आणि थोरलीचे वरिष्ठ तिला काय म्हणाले? म्हणाले, तुम्ही यातच पदवी घेतलीये ना, मग बघा.

मिस्त्री गेले, बरोबर दुकानातला पॉलिशवाला. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलणारा, त्यातली दोन स्पिरिट संपल्याची. मिस्त्रींनी खुर्ची उलटी केली, ठोकून पाहिली आणि म्हणाले, पाय कापायचे नाहीत, पाय दिसतात. हात तेच, पाठ तीच, पाय तेच. बैठक तेवढी एकीची दोन इंच वर घ्यायची, दुसरीची दोन इंच खाली, वरून गादी सारखी. थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आम्ही तीन महिने बैठकच बदलत होतो बाबा, पण ती भेटीची, तारखा पुढे ढकलत. मापं कशावरून घ्यायची, तर त्याच जुन्या फोटोवरून. पॉलिशवाल्यानं टेबलावरचे दोन छोटे झेंडे पाहिले, त्यातला एक उचलून पुन्हा ठेवला आणि म्हणाला, पुलापलीकडे माझी बहीण असते. एवढंच. मग त्यानं त्या खुर्च्यांना जे पॉलिश केलं, ते मिस्त्रींनी वीस वर्षांत त्याच्या हातून पाहिलं नव्हतं.

दिवस उजाडला. ऐन वेळी काही करकरलं तर हाताशी असावेत म्हणून मिस्त्रींना बाजूच्या खोलीत बसवलं होतं, हातोडी फडक्यात गुंडाळून. दार किलकिलं. दोन्ही साहेब आले. थोरलीनं नावाच्या पाट्या अगदी बरोबर ठेवलेल्या. पण पाट्या वाचणार कोण? उंच साहेब म्हणाले, आधी आपण. बुटके साहेब म्हणाले, छे छे, आधी आपण. अकरा वर्षं तोंड न बघितलेली माणसं, सौजन्याला नुसता ऊत आलेला! त्या आपण-आपणच्या गोंधळात दोघं गेले एकमेकांच्या बाजूला आणि बसले. उंच साहेब उंच बैठकीवर, बुटके साहेब खोल बैठकीवर! तुम्हाला सांगतो, मिस्त्रींना दाराच्या फटीतून बुटक्या साहेबांचा फक्त चष्मा आणि वरचे केस दिसले. हनुवटी टेबलाला टेकलेली. पलीकडे उंच साहेबांचे गुडघे टेबलाखाली मावेनात. आणि कॅमेरेवाले दारात!

सगळे वरिष्ठ छताकडे बघायला लागले, जणू तिथे काही लिहिलंय. बुटक्या साहेबांचे कान लाल होत चालले. मिस्त्रींनी फडक्यातली हातोडी बाहेर काढली… गेली पोरीची नोकरी, गेला तो पूल, आणि खुर्च्या कोणी केल्या हे उद्या वर्तमानपत्रात!

आणि थोरली पुढे झाली. तिनं आधी कॅमेरेवाल्यांच्या तोंडावर दार लावलं. मग टेबलापाशी जाऊन सरळ म्हणाली, "साहेब, माफ करा. खुर्च्या दिसायला सारख्या आहेत, पण त्या सारख्या नाहीत. तुम्हा दोघांच्या मापाच्या केल्यात, आणि तुम्ही एकमेकांच्या खुर्चीत बसलाय."

वरिष्ठांपैकी एकाच्या हातातली फाइल पडली. बुटके साहेब खोल बैठकीतून वर बघत म्हणाले, माप कोणी घेतलं? आता आली का पंचाईत? मिस्त्रींना बाहेर बोलावलं. हातातल्या हातोडीसकट. त्यांनी सांगितलं, जुन्या फोटोवरून घेतलं.

बुटक्या साहेबांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाले, "तो फोटो मुद्दाम खालून काढला होता. मी एवढाही बुटका नाही." आणि उंच साहेब उठायला गेले, तर गुडघे अडकलेले, ते तसेच वाकून म्हणाले की त्यांचीही अकरा वर्षांत कंबर वाकलीये, आता तेवढे उंच ते राहिले नाहीत. तेव्हा बुटके साहेब जे हसले, ते आवाज न करता, नुसते खांदे हलवत. उंच साहेबांनी हात देऊन त्यांना त्या खड्ड्यातून वर ओढलं. मिस्त्रींनी दोन्ही बैठका तिथल्या तिथे काढून सारख्या केल्या, आणि ते दोघं बाजूला उभे राहून, हातोडी कशी मारायची याबद्दल, आयुष्यात पहिल्यांदा, एकमतानं सूचना देत होते.

चार तास बसले. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी थोरलीला गाठलं. मग काय ठरलं? थोरली म्हणाली, पूल उघडणार. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणीच आलं हो! मग ती म्हणाली, फक्त मंगळवारी. पायी. सकाळी दहा ते बारा. आणि बाकीचं पुढच्या भेटीत बोलायचं असं ठरलंय. मिस्त्रींच्या अगदी ओठावर आलं, ते सगळं ठीक आहे, पण… आणि त्यांनी ते गिळलं. तुम्हाला सांगतो, चार वर्षांत पहिल्यांदा गिळलं.

थोरली कायम झाली. वरिष्ठांनी शेरा मारला, प्रसंगावधान उत्तम, खुर्च्यांबाबत अधिक काळजी आवश्यक.

आणि पहिल्याच मंगळवारी पॉलिशवाला निघाला. नवा शर्ट, हातात पिशवी, अकरा वर्षांनी बहिणीला भेटायचं! मिस्त्रींनी त्याला आदल्या दिवशीच सुट्टी देऊन टाकली होती. तर हा परत कधी यावा? अकरा वाजता दुकानात हजर! मिस्त्री घाबरले. म्हणाले, अरे, बारापर्यंत मुभा आहे ना? भेटली की नाही?

पॉलिशवाल्यानं पिशवी खुंटीला लावली, फडकं घेतलं, स्पिरिटची बाटली हलवून पाहिली आणि म्हणाला, "भेटली. अकरा वर्षांचं भांडण साठवून ठेवलं होतं तिनं. आज फक्त पहिलं वर्ष झालं. उरलेल्यासाठी पुढच्या मंगळवारी बोलावलंय."