किसनच्या हाताचं माप

आमच्या वजनमाप खात्यातल्या जोशी साहेबांसारखा मीटरचा प्रचार कुणी केला नसेल! मीटर नवा आला तेव्हा तो लोकांना पटवायला आम्ही दोघं पाचोडच्या बाजारात गेलो. साल दुष्काळाचं, विहिरी तळाला गेलेल्या, म्हणून दोराला लई गर्दी. दोर विकायचा हातानं मोजून, कोपरापासून बोटांपर्यंत एक हात. भाव ठरलेला, हात मात्र गिऱ्हाइकाचा! मग जो तो लांब हाताच्या किसनला चहा पाजून मोजायला आणायचा. दोरवाला रडकुंडीला आलेला.

साहेबांनी मीटरची पट्टी उंच धरली. "आता सगळ्यांना एकच माप!"

दोरवाल्यानं आनंदानं त्यांच्या गळ्यात हारच घातला. किसन म्हणाला, "मंग माझा चहा बुडाला म्हणा की!"

निघताना साहेब घुटमळले. चिकलठाण्याला त्यांनी नवं घर बांधलं होतं, तिथल्या विहिरीला दोर हवा होता. दोरवाल्यानं लगबगीनं पट्टी उचलली.

"राहू द्या हो, आज पहिलाच दिवस आहे," साहेब म्हणाले आणि गळ्यातल्या हारासकट गर्दीकडं वळून ओरडले, "किसनराव, चहा घेणार का?"