बाईंचा एकेचाळिसावा नंबर

भूगोलाच्या बाई भूगोलात नापास झाल्या. तसं काही झालेलंच नाही, असं त्या दातांच्या दवाखान्यात आपल्या वडिलांना पटवत होत्या. समोरच्या बाकावर गाल सुजलेला एक शिंपी बसला होता, आणि त्याला हसायची सक्त मनाई होती.

“बाबा, ती इंटरनेटवरची फुकटची चाचणी आहे. कशी चालते ते बघायला मीही मुलांबरोबर विद्यार्थी म्हणून शिरले.”

“आणि पालक म्हणून माझा नंबर दिलास.”

“तो रकाना रिकामा सोडताच येईना!”

“मला मेसेज आला. आपल्या पाल्याचा एकेचाळीस मुलांत एकेचाळिसावा क्रमांक.”

“वीस सेकंदांत उत्तर द्यायचं होतं हो! चष्मा सापडेपर्यंत सगळ्या नद्या वाहून गेल्या.”

“प्रश्न कुणी काढले होते?”

“मीच.”

“मग जरा सोपे काढायचे.”

शिंप्याने दोन्ही हातांनी गाल धरला.

“थट्टा पुरे, बाबा. उद्या मोठ्या बाई हाच निकाल सगळ्या शिक्षकांना पडद्यावर दाखवणार आहेत. आणि फुकटच्या चाचणीत माझं नाव खोडता येत नाही.”

“मग पालकांनीच लक्ष घालायला हवं. इथे मेसेजखाली शाळेला अभिप्राय कळवायची जागा आहे.”

“बाबा, नको हं! अहो, खरंच नको!”

वडील एकेक शब्द मोठ्याने म्हणत टाइप करू लागले.

“महोदय, माझी कन्या, वय वर्षे बेचाळीस, घरी नियमित अभ्यास करते. शाळेत तिला नीट शिकवले जात नसावे. तरी तिच्या विषयशिक्षिका तातडीने बदलून मिळाव्यात, ही नम्र विनंती.”