दिल्लीहून दोनचं विमान

—आत जायाची घाई करू नका साहेब, त्यो कुठं पळून जातोय आता. सैपाकघरात पाट्यापाशीच पडलाय. मीच फोन केला ना तुमास्नी, मंग मीच सांगते. लिहा. सोजरबाई. मेला त्यो हिंदुराव, माझा नवरा. वरवंट्यानं डोकं फोडलं मी त्याचं. पैला घाव कानामागं बसला, नारळ फुटल्यावानी आवाज आला. डोळं वटारून वळला, तर दुसरा कपाळावर. तिसऱ्याची गरज न्हवती, पन राग सव्वीस वर्सांचा व्हता. घातला तिसरा. बरं झालं मेला. बघा, माझ्या डोळ्यात टिपूस न्हाई.

पोरगा? त्यो हितं न्हवताच. जयसिंग कॅनडात शिकाया चाललाय, टोरांटोला. ते कॅलेंडर बघा, त्यानंच लिहून ठेवलंय माझ्यासाठी—पुण्यातनं आठला, दिल्लीत सव्वादहाला, दिल्लीहून दोनला, मंग पंधरा तास. बारा हजार किलोमीटर म्हनं. हडपसरातनं विमानतळाला रिक्षा तास खाती, आनि हे विमान पंधरा तास उडतच ऱ्हातं—म्हंजी केवढं लांब. मधी कुठं थांबत न्हाई ना साहेब? उडल्यावर कुनासाठी माघारी वळवत न्हाईत ना?—सहज इचारलं.

कधी मारलं? सकाळी. पोरगा गेल्यावर. साडेपाचला गेला त्यो. मंग मी दाराला आतनं कडी घातली आनि बसले त्याच्या उशाला माश्या हाकलत, दोनवर काटा येईस्तोवर. दोनला पाच मिनिटं वर झाली, मंग तुमास्नी फोन लावला. तवर कशाला बसले? बसले. बाईमानूस भ्यालं, असं लिहा.

चहा घ्या. कप तुम्हीच उचला, माझा उजवा हात काल धरनं वर हुईना—काल न्हवं, आज. त्यानंच मोडला. पोराचा पासपोर्ट गॅसवर धरला व्हता मुडद्यानं, आता कसा जातोस बघतो म्हनला, मी हिसकाया गेले तर हात पिरगाळला, कट्टकन वाजलं, मला पाट्यावर आपटलं, गळा धरला, डोळ्यापुढं अंधारी आली माझ्या, तवर मागनं—

मागनं काय? काय न्हाई. पासपोर्ट? पोराकडंच हाय की, त्याबिगर जाईल कसा—हां, म्हंजी मारलं त्याच्या आधी. म्हंजी पासपोर्टाचं कालचं हाय. तुम्ही लिहायचं का थांबलात? तीन घाव म्हनलं ना मी. डाव्या हातानं. मला येरवड्याला न्या, हितनं अर्ध्या तासाची वाट. चला, मी तयार हाय.

मोबाईलात काय बघताय? त्यात विमान दिसतं? मंग बघा, कुठवर गेलं माझं लेकरू. समुद्रावर असंल—

अजून दिल्लीतच?

चारला उडनार? असं कसं, कॅलेंडरवर दोन लिहिलंय की हो. दोनच लिहिलंय. साहेब, कुनाला फोन लावताय? ठेवा त्यो. साहेब, माझा डावा हात लई ताकदीचा हाय. त्यो वरवंटा द्या हिकडं, उचलून दावते. द्या ना.