वजन लावायचा कोन

ते गृहस्थ आता बरे आहेत, म्हणून सांगायला हरकत नाही. नांदेडला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. मानेला, कमरेला वजन लावून ताण देणं हे माझं रोजचं काम. नायगावहून चाळिशीचे एक जण आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वजन सरळ खाली लटकवावं का रोज कोन बदलावा?"

"मानेला?"

"न्हाई."

"कमरेला?"

"जरा खाली."

"गुडघ्याला?"

"लई खाली गेलात, साहेब."

मला काही कळेना. मग तेच हळू आवाजात म्हणाले, "लिंगाची लांबी वाढवायला. एक व्हिडिओ म्हणतो सरळ, दुसरा म्हणतो एक दिवस डावीकडं, एक दिवस उजवीकडं. मी नुसता गोंधळून राहिलो. आता तर तिथं मुंग्या येऊन राहिल्यात."

मी घाबरलोच. "कोणताच कोन नको! वजन बंद करा अन् आजच मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा."

चिठ्ठी लिहिताना राहवलं नाही, म्हणून विचारलं, "पण बायकोची काही तक्रार होती का?"

"हाव, लई."

"काय म्हणतात?"

"म्हणते, रोज अर्धा तास बाथरूम अडवून बसता."