गायरानातली तीन भोकं

बारामती स्टँडवर इंदापूरच्या गाडीला रांग होती. माधवीच्या पुढं दोन म्हातारे. एकाच्या खांद्यावर गोल्फच्या काठ्या.

"सुभेदार, फौज सुटली, काठ्या सुटंनात व्हय?"

"न्हाय सुटत, सावळाराम. वेलिंग्टनच्या छावणीत धुक्यात चेंडू दिसायचा न्हाय. महूला मोर आडवं यायचं."

"सगळ्यात भारी मैदान कुठलं?"

"आपलं गायरान! सुट्टीवर आलो की खुरप्यानं तीन भोकं पाडायचो. शालन लुगड्याची चिंधी काठीला बांधून झेंडा धरायची. चेंडू चुकला की खदाखदा हसायची."

"वैनीला जाऊन पाच वर्सं झाली. गायरानाला बी उद्या कुंपण पडतंय."

"म्हणून तर आज खेळाय चाललोय."

"आन् उद्या?"

"उद्या चेंडू कुंपणावरनं आत मारीन, आन् आणायला जाईन. बघू कोण अडवतंय!"