केनवडचा आंबवणाचा खड्डा

शुद्धलेखनाचं पोटात घाला, सातवीतच शाळा सुटली माझी, शब्दही साधेच येतात... पण मला सांगा, "झाकलेल्या खड्ड्यात हात घालू नका" एवढं म्हणायला माणूस फार शिकलेला लागतो का? नाही ना? पण माझ्या तोंडातून निघेल तर शपथ!

तुम्हाला सांगतो, दुष्काळ नुकता सरलेला, घरात कडबा नाही, आणि बाप म्हणाला, "देवमन, म्हैस इकून टाकू, मेडशीचा गिऱ्हाईक हाय." म्हैस मायची! पारडी होती तेव्हापासून मायच्या हातचं खाऊन वाढलेली. माय गोठ्यात जाऊन म्हशीपाशी बसली. ते मला पाहवेना.

त्याच आठवड्यात पंचायत समितीचे एक साहेब आमच्या केनवडला येऊन सांगून गेले होते, की गुऱ्हाळावर जे टाकून देतात, उसाचे शेंडे, ओली चिपाडं, कढईवरची मळी, ते बारीक करून खड्ड्यात तुडवून भरा, वरून झाका, माती लिंपा, पंचेचाळीस दिवस हवा लागू देऊ नका. आत ते आंबतं आणि जनावर आवडीने खातं. मी दौलतरावांच्या गुऱ्हाळावर गेलो, तासभर नुसता उभा. शेवटी तेच म्हणाले, "काय पाह्यजे रे? मळी? ने लेका, माशा होऊन राह्यल्या इथं!"

खड्डा भरला. खताच्या पिशव्यांचं प्लास्टिक शिवून झाकला, वर माती, वर दगड. बाप म्हणाला, "पंचेचाळीस दिवस पाह्यतो. मंग मेडशीचा गिऱ्हाईक दावं घेऊनच येईन."

आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या आळीतले उकंडरावमामा आले! माती उकरली, प्लास्टिक उचललं, कोपरापर्यंत हात आत! "काहून रे, पिकलं नाई अजून?" अहो, मामांना वाटलं ही आंब्याची अढी आहे! अढीत रोज हात घालायचा, पिकलेला काढायचा, बाकीचे झाकायचे, जन्मभर तेच केलेलं. आता हवा आत गेली की सगळं सडणार, आणि सडलं की म्हैस मेडशीला! हे मामांना सांगायचं होतं. पण तोंडातून निघेल तर शपथ!

मामा गेले की मी भोक लिंपायचो. मामा यायचे, उकरायचे. मी लिंपायचो. मग मामांनी शेजारच्या शालिग्रामला आणलं, शालिग्रामने आपल्या मेहुण्याला आणलं, मेहुणा वास घेऊन म्हणाला, "दारू हाय का हे?" तिसाव्या दिवशी मी ठरवलं, उद्या बोलायचंच! रात्रभर वाक्य पाठ केलं. मामा आले, मी पुढे झालो, तोंड उघडलं... आणि म्हणालो, "मामा, चहा घेता का?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून मामा चहालाही यायला लागले. माय चहा ठेवायची आणि माझ्याकडे अशी बघायची... काय सांगू!

शेहेचाळिसावा दिवस. मेडशीचा गिऱ्हाईक दावं घेऊन हजर. सारी आळी जमा. मी माती काढली, प्लास्टिक सारलं... वरचा थर काळा, बुरशी! मामा म्हणाले, "म्या म्हनलं होतं ना, रोज पाहा लागते!" बापाने मान फिरवली. मी खाली उकरत गेलो, वीतभर, दोन वीत... आणि खाली पिवळंजर्द! आंबटगोड वास! टोपलं भरून म्हशीपुढे ठेवलं. म्हशीने हुंगलं आणि तोंड वळवलं. संपलंच म्हणा! गिऱ्हाइकाने हातातल्या दाव्याची गुंडाळी सोडली. तेवढ्यात माय पुढे आली, मूठभर घेतलं, म्हशीच्या तोंडापुढे धरलं. "खाय वं बाई, खाय." म्हशीने जीभ लावली. थांबली. पुन्हा लावली. आणि मग जी तुटून पडली! टोपलं साफ! नंतर मायचा पदर चाटायला लागली!

बाप गिऱ्हाइकाला म्हणाला, "या बापू चहा घ्या, म्हैस नाई इकाची." मी तिथेच खाली बसलो. दीड महिन्याने पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. माय हसत होती हो, तोंडाला पदर लावून!

पण बापाचं ऐका! ज्याने पंचेचाळीस दिवस खड्ड्याकडे पाहिलं नाही, तो आता आळीला सांगतोय, "लय सोपं काम हाय! तुमाले बी पाह्यजे? माहा देवमन खंदून देईन! फुलचंद, तुले? मामा, तुमाले?" साऱ्यांनी माना डोलावल्या. मला नाही म्हणायचं होतं. चांगलं मोठ्याने म्हणायचं होतं. पण तोंडातून निघेल तर शपथ!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं घेतलं आणि उकंडरावमामांच्या गुरांच्या वाडग्यात खड्डा खंदायला गेलो.